मडगार्डवरची बाई

बाईलवेडा. आमच्या ह्यांना गावात ह्याच नावानं वळखायचे. तोंडावर न्हाई, पाठीमागं. आन पाठीमागं म्हनलं तरी कुठं, ट्रॅक्टरपासून दोन हातावर. "चालला बगा बाईलवेडा, बायकूला मडगार्डवर घेऊन." मी ऐकायचे. मला सगळं ऐकू यायचं, तीच तर भानगड हुती.

मी गोजरबाई. नवऱ्याचं नाव सहादेव. नवऱ्याचं नाव घ्यायचं म्हनलं की काही बाया पदर तोंडात कोंबत्यात, मी त्यातली न्हाई. पन तोंडात 'हे'च बसलंय, तर तेच म्हनते. श्रीरामपूरच्या अलीकडं, कालव्याच्या कडंला आमचं गाव. हे श्रीमंतदादांच्या ट्रॅक्टरवर डायवर. श्रीमंतदादांची ऊसवाहतूक हुती. शेतात ऊस भरायचा आन शुगर फॅक्टरीच्या काट्यावर न्यायचा. ट्रॅक्टरला मागं एक न्हाई, दोन ट्रॉल्या.

आता दोन ट्रॉल्या पुढं वढायला काय लागत न्हाई, म्हस बी वढील. पन मागं घ्यायच्या म्हनल्या की भल्याभल्यांचं धोतार सुटतं. एक ट्रॉली असली तर स्टेअरिंग उलटं फिरवायचं. दोन असल्या की उलट्याचं उलटं, आन ते बी कवा, किती, हे हाताला कळावं लागतं. सासू आन सून, दोघींना एका दारातून एकदम मागं मागं न्यायचं असं ते काम. एकीला नीट करावं तर दुसरी तिरकी. आमचे हे मात्र दोन ट्रॉल्या अशा मागं घ्यायचे की फॅक्टरीतले बाकीचे डायवर बिडी इझवून बगत उभं राह्यचे.

पन ह्यांना ऐकू येत न्हवतं.

कसं झालं म्हनाल तर एका दिसात न्हाई झालं. आधीच्या ट्रॅक्टरचा सायलेन्सर नुसता नावाला हुता, त्याच्या धडधडीत सालं गेली. त्यात आमच्या वस्तीत स्टेअरिंग हातात धरनारा पहिला मानूस हेच, म्हनून भीमजयंतीची भोंग्याची गाडी दरसाल ह्यांच्याकडं. त्या भोंग्यांना पाठ लावून संध्याकाळपस्तोर बसायचे. एकदा मी जेवायला हाका मारते, हे ढिम्म. मला वाटलं रुसले. मग मी बी रुसले. आठ दिस मी बोलले न्हाई, आन ह्यांना त्याचा पत्ताच न्हाई! शेवटी मीच भांडायला उठले, तवा ह्यांच्या डोळ्यात पानी आलं. म्हनले, "गोजर, इंजिन चालू हाय का बंद, हे बी मला आता ढुंगनाला कळतं, कानाला न्हाई."

नगरला डॉक्टरला दाखवलं. शीर सुकली म्हनला. कानात घालायचं मशीन दिलं, ते घालून ट्रॅक्टरवर बसलं की मशीनच शिट्ट्या मारायचं. ठिवलं गुंडाळून डब्यात.

ह्यांचे वडील जन्मभर दुसऱ्याच्या उसात कोयता घेऊन वाकले. हे लहानपनी बापाच्या मागं मोळ्या उचलायचे आन बांधावरनं जानाऱ्या ट्रॅक्टरकडं बगायचे. तिथनं स्टेअरिंगपस्तोर यायला ह्यांनी काय खाल्लं, काय ऐकून घेतलं, ते माझं मला ठावं. आन आता म्हनायचे, "बहिऱ्याच्या हातात गाडी कोन देईल? उद्या कळलं की परवा चावी काढून घेत्याल."

मी म्हनलं, कळलं तर ना! दुसऱ्या दिशी पदर खोचला आन चढले मडगार्डवर. एक हात मडगार्डच्या कडीला, दुसरा ह्यांच्या पाठीवर. मागनं गाडी हॉर्न देती, एक थाप. थांबायचं, दोन थापा. डावीकडं कोन हाय, डाव्या खांद्याला बोट. चार दिसात आमचं असं जमलं की मला वाटायचं मीच चालवते.

लोकांना काय सांगायचं? ते ह्यांनीच सांगितलं, चावडीपुढं, सगळ्यांच्या देखत. "बायकू संगं नसली की मला करमत न्हाई बाबा." झाली जत्रा चालू. पोरं खिदळली, बाया तोंडाला पदर लावून हसल्या. माझी धाकटी जाऊ म्हनली, "काय गं बाई, ह्या वयात!" मी म्हनलं हसू द्या, झाकली मूठ सव्वा लाखाची. खरं सांगू का, मला लाज वाटायची तशी बरं बी वाटायचं. उभ्या जन्मात ह्यांनी मला एवढं कुनापुढं म्हनलं न्हवतं, खोटं का हुईना.

अशी पाच वर्सं गेली.

सत्त्यान्नव साली चैत्राच्या जत्रंत कमिटीच्या पोरांनी नवीनच टूम काढली. बैलाच्या शर्यती दरसालच्याच, म्हनले औंदा ट्रॅक्टरचा खेळ. दोन ट्रॉल्यांची रिव्हर्स. ऊस संपून फॅक्टरीचा पट्टा नुकताच पडला हुता, सगळ्या डायवरांना काम न्हाई, हात खाजत हुते. माळावर बांबू रोवून गल्ली केली, मधी एक वळन घेतलेली. दर बांबूला वायर आन खाली बॅटरी. ट्रॉली बांबूला नुसती घासली तरी टेबलावरची बेल वाजायची आन वर लाल बल्ब लागायचा. बेल वाजली की डायवर बाद. गल्लीच्या शेवटाला पांढऱ्या फक्कीची रेघ. ट्रॉलीची शेपटी रेघंला टेकली की पंच शिट्टी मारनार. शिट्टीनंतर गाडी बोटभर जरी मागं सरकली तरी बाद.

श्रीमंतदादा घरी आले. मानूस दिलदार, पन मिशीला पीळ फार. म्हनले, "सहादेव, तुजं नाव दिलंय. तालुक्यात आपल्या गाडीसारखी रिव्हर्स कुनाची न्हाई, दाखवून टाक एकदा."

ह्यांनी त्यांच्या वठाकडं बगून निम्मं वळखलं, निम्मं माझ्याकडं बगून. मी आडवी आले. "दादा, ह्यांच्या पोटात दुखतंय."

"अवो, जत्रा पुढच्या आठवड्यात हाय! तवर दुखत राह्यनार हाय व्हय?" दादा हसले. मग म्हनले, "एक मात्र हाय गोजरबाई. तुमाला खाली उतरावं लागंल. डायवर एकटाच. मडगार्डवर कोन नको आन मागं उभं राहून 'येऊ द्या' म्हननारा बी नको. कमिटीचा नियम हाय."

दादा गेले आन मी तोंड सोडलं. त्या कमिटीला, त्या बांबूंना, दादांच्या मिशीला. ह्यांनी माझं तोंड मिटायची वाट बगितली. मग म्हनले, "गोजर, मला खेळायचंय."

"डोकं फिरलं का? हात दाखवून अवलक्षन! शिट्टी तुमाला ऐकू येनार न्हाई, तुमी मागं येत राह्यनार, सगळी जत्रा बगनार. उद्या चावी गेली मग?"

ह्यांनी माझे वठ नीट वाचले. म्हनले, "पाच सालं झाली, एकट्यानं गाडी चालवली न्हाई. एकदा बसू दे."

मला लागलं ते. मी म्हनलं, "मी जड झाले व्हय तुमाला?" त्या दिशी मी भाकऱ्या थापल्या त्या शेजारच्या गल्लीत ऐकू गेल्या असतील, ह्यांना सोडून सगळ्यांना.

पन सकाळी राग उतरला. मानसाला एकदा स्वतःच्या हातानं काय तरी करू वाटतं, त्यात माझं काय जातंय? मीच तोड काढली. छत्री. चैताचं ऊन, छत्री घेतली तर कोन काय म्हननार? रेघंच्या पलीकडं, हे मान वळवून बगत्यात त्या उजव्या बाजूला, मोठा दगड हुता. त्याच्यावर मी उभी राह्यनार, छत्री उघडून. शिट्टी झाली की छत्री मिटनार. छत्री मिटली की ह्यांनी ब्रेक दाबायचा. चोरी म्हनाल तर म्हना. वाट मी दाखवनार न्हवते, ती ह्यांची हे बगनार हुते. फकस्त शिट्टी तेवढी मी ऐकनार.

जत्रंच्या दिशी माळावर मानूस मावंना. पंच आन निवेदक दोन्ही एकच, गहिनीनाथ. बारशापास्नं दहाव्यापस्तोर गावात सगळीकडं त्याचाच माईक. गळ्यात शिट्टी, हातात माईक, मागं वायरचं लांब शेपूट. आल्या आल्या त्यानं सांगितलं, "बंधू-भगिनींनो, हा आधुनिक खेळ हाय. डायवरला कुनी बी कसली बी सूचना करायची न्हाई. 'येऊ द्या' म्हनायचं न्हाई. जो म्हनंल त्याच्या गावचा डायवर बाद."

पयला ट्रॅक्टर आला. मागं सरकायला लागला मात्र, आन काय सांगू! गाडी मागं येती म्हनल्यावर आपल्या मानसाला गप बसवतंय व्हय? लगीन असू दे, मयत असू दे, वळख असू दे नसू दे, गाडी रिव्हर्सला पडली की जो असंल तो हात वर करून मागं जाऊन उभा राह्यतो. सगळा माळ वरडला, "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या!" एक म्हनतो डावीकडं काट मार, दुसरा म्हनतो उजवीकडं. चार जन म्हनतात बास, चाळीस म्हनतात अजून येऊ द्या. त्या डायवरनं कुनाचं ऐकावं? गेला बांबूत. ट्रिंग! बल्ब लागला. खाली उतरून म्हनतो जमीनच वाकडी हाय. नाचता येईना आन अंगन वाकडं.

गहिनीनाथ माईकवर कळवळून म्हनाला, "अवो हात जोडतो, 'येऊ द्या' म्हनू नका!" दुसरा ट्रॅक्टर आला. लोकांनी जरा वेळ दात दाबून धरले. वळनावर ट्रॉली आली तशी माईकवरनंच आवाज आला, "येऊ द्या... येऊ द्या... जरा डावीकडं... बास!" खुद्द पंच! सगळा माळ लोटपोट. डायवर बावचळला, पंच म्हनतोय बास म्हनून थांबला आन परत उचलताना बांबूला लागला. ट्रिंग. त्याच्या गावची मानसं गहिनीनाथाच्या अंगावर धावून गेली. असे एकामागं एक सगळे गेले. कोनाचं वळन बी पुरं झालं न्हाई.

शेवटी नाव आलं. "श्रीमंतदादांची गाडी, डायवर सहादेव!" मागनं कोन तरी वरडलं, "बायकू कुठाय रं बाईलवेड्या?" सगळे हसले. मी दगडावर चढले आन छत्री उघडली.

ह्यांनी हिरवा झेंडा बगितला, मान वळवली आन दोन ट्रॉल्या मागं सुटल्या. लोकांनी गलका केला, "येऊ द्या! डावीकडं! मोड, मोड!" हे कशाचे ऐकत्यात! ह्यांचं हाताचं गनित हाताशी. मागली ट्रॉली जरा तिरकी झाली, स्टेअरिंग पाव फिरलं, परत सरळ. वळनाशी आले. तिथं सगळे गेले हुते. पुढली ट्रॉली आत दबली, मागली भाईर निघाली, आन मग दोन्ही अशा अलगद वळल्या की बांबूच्या पताका सुद्धा हलल्या न्हाईत. माळ हळूहळू गप झाला. मला रडू यायला लागलं. एकटा बसला हुता माझा मानूस, ताठ, आन मडगार्ड रिकामं.

तेवढ्यात माझ्या मागनं एक जन खेकसला, "ए बाई, छत्री मिट की! आमाला दिसंना."

मी म्हनलं, "दुसरीकडं उभा राह्य."

"अगं मिट!" असं म्हनून त्यानं वरनं छत्री वढली. कचकन काडी वाकली आन छत्री मिटली. तिकडं हे जागच्या जागी थांबले. गल्लीच्या मधोमध. लोकांना कळंना, का थांबला? श्रीमंतदादा उभे राह्यले. मी त्या मानसाच्या हातावर अशी चापट मारली म्हनता, आन दोन्ही हातांनी जोर करून छत्री परत उघडली. हे बगतच हुते. परत निघाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं मुद्दाम दम खाल्ला.

आता रेघ चार-पाच हातावर राह्यली. गहिनीनाथाचं भान सुटलं. दिसभरात पयला डायवर शेवटाला येत हुता, त्याला कुठलं राह्यवतंय? टेबल सोडून तो गल्लीत घुसला, ट्रॉलीच्या ऐन मागं, ट्रॉलीकडं तोंड करून उलटा चालत, माईक तोंडाशी. "येऊ द्या सहादेव, येऊ द्या, एक हात, येऊ द्या..." आन सवताच्याच माईकच्या वायरीत पाय अडकून उताना पडला.

सगळा माळ एकदम वरडला, "बास! बास! थांब!" गहिनीनाथ पडल्या पडल्या शिट्टी फुंकायला लागला. ट्रॉलीची शेपटी उंच, हे बसलेत तिथनं खाली पडलेला मानूस दिसत न्हवता. मी छत्री मिटायला गेले. मिटंना. ती वाकलेली काडी आतनं अडकली हुती. मी दाबते, आपटते, छत्री उघडी ती उघडीच, आन ती उघडी हाय तवर ह्यांच्या लेखी सगळं ठीक. छत्री दिली फेकून आन पळत सुटले. बांबू पाडत गेले. बेल ट्रिंग ट्रिंग वाजत राह्यली. मडगार्डवर कशी चढले मला ठावं न्हाई. ह्यांच्या पाठीवर दोन थापा मारल्या. दोनच.

गाडी जागच्या जागी थांबली. गहिनीनाथाच्या बुटापास्नं ट्रॉली वीतभर.

मग असं गप झालं सगळं, की तसली गप जत्रंत मी कवा ऐकली न्हाई. कारन सगळ्यांनी बगितलं हुतं. हजारभर मानूस बास म्हनून वरडला, शिट्टी वाजली, बेल वाजली, आन ह्यांनी ऐकलं न्हाई. बायकूनं दोन थापा मारल्या आन गाडी थांबली. हिशोब कळायला शाळा शिकावी लागत न्हाई. हे माझ्याकडं बगत हुते, काय झालं म्हनून. मी मागं बोट केलं. हे उतरले, गहिनीनाथाला बगितलं आन मटकन खाली बसले.

श्रीमंतदादा आले. त्यांनी ह्यांना विचारलं, "सहादेव, तुला ऐकू येत न्हाई?"

हे त्यांच्या वठाकडं बगायचं सोडून जमिनीकडं बगत हुते. मी म्हनलं, "न्हाई येत."

"कवापास्नं?"

"पाच वर्सं."

"मग पाच वर्सं माजी गाडी कोन चालवत हुतं?"

"आमी दोघं," मी म्हनलं.

दादांचा चेहरा लाल झाला. "मला सांगायचं न्हाई? मी काय परका हुतो?"

माझी जीभ सुटली ती सुटलीच. "सांगितलं असतं तर चावी ठिवली असती का दादा तुमी? खरं बोला, हितं सगळ्यांपुढं बोला. पाच वर्सांत तुमच्या गाडीला एक चरा न्हाई. लोकांनी ह्यांना बाईलवेडा म्हनलं, मला काय काय म्हनलं, आमी हसून घेतलं. कशापायी? त्या लोखंडाच्या चाकापायी. ते गेलं तर हा मानूस कोयता घेऊन उसात वाकायला जाईल, आन मी ते बगनार न्हाई!" भर माळावर मी ढसाढसा रडले.

दादांनी नजर दुसरीकडं वळवली. खरंच ठिवली असती तर मानूस लगीच 'ठिवली असती' म्हनतो. हे उठले. ट्रॅक्टरवर हात घालून चावी काढली, सदऱ्याला पुसली आन दादांच्या हातात ठिवली. मला त्या वक्ताला दादांपेक्षा गहिनीनाथाचा राग आला.

आन तोच उठून आला. अंगावर फक्की, एक कान सोलपटलेला. माईक तुटला हुता म्हनून साध्या आवाजात बोलला. त्याचा साधा आवाज आमी पयल्यांदाच ऐकला. "दादा, चूक माजी. मी मागं जायाला नको हुतं. आन ऐकू येनाऱ्यांनी तरी आज काय दिवं लावले? सगळे ऐकून ऐकूनच बांबूत गेले की. आमीच वरडून घालवले."

"नियमानं हा बाद हाय का?" दादांनी विचारलं.

"बाद हाय. वर दुसरं मानूस चढलं, बांबू पडले. बक्षीस कुनालाच न्हाई." गहिनीनाथानं रेघंकडं बगितलं. "पन हातभरच राह्यलं हुतं हो."

दादा चावी हातात खेळवत उभे राह्यले. आमच्याकडं बगितलं, रिकाम्या मडगार्डकडं बगितलं. मग चावी माझ्या हातात दिली. ह्यांच्या न्हाई, माझ्या. म्हनले, "गोजरबाई, ही तुमच्यापशी ठिवायची. ज्या दिशी तुमी वर नसाल त्या दिशी गाडी निघायची न्हाई. मान्य असंल तर बसा आन राह्यलेलं हातभर पुरं करा. माज्या गाडीनं काम अर्ध्यात सोडलेलं मला चालत न्हाई."

मी चावी ह्यांना दाखवली, मग मडगार्डकडं बोट केलं. ह्यांना कळायला जरा वेळ लागला. कळलं तवा हे दादांच्या पाया पडायला वाकले, दादांनी वरच्या वर धरलं. "अरं पाया काय पडतो, गाडी लाव!" वठ मोठे मोठे हलवून म्हनले. कसं बोलायचं ते त्यांनी तेवढ्यात शिकून घेतलं हुतं.

आमी चढलो. हे चाकावर, मी माझ्या जागेवर, हात ह्यांच्या पाठीवर. इंजिन लागलं. मी मागं बगितलं आन वाट बगितली, आता करतील कालवा. कुनी तोंड उघडलं न्हाई. गहिनीनाथ ह्या बारीला रेघंच्या बाजूला, लांब उभा राह्यला. त्यानं दोन्ही हात वर केले आन नुसतं हातानं खुनावलं. या, या. त्याचं बगून शेजारच्यानं हात वर केला. मग त्याच्या शेजारच्यानं. मग बायांनी. ज्यानं माझी छत्री मोडली, त्यानं बी. सगळा माळ हात वर करून मुक्यानं म्हनत हुता, येऊ द्या. आन ट्रॉलीची शेपटी रेघंला टेकली तसे ते हजार हात एकदम उभे झाले, पंजा पुढं, बास.

गाडी थांबली. माझा हात ह्यांच्या पाठीवरच हुता, थाप मारायची राहूनच गेली. मला वाटलं हुतं, माझी थाप नको झाली की मनाला लागंल, तसं काय लागलं न्हाई.

ह्यांनी इंजिन बंद केलं. बहिऱ्या मानसाला आपला आवाज किती मोठा ते कळत न्हाई. हे माझ्याकडं वळले आन त्या गपगार माळावर, टोकाच्या मानसाला बी ऐकू जाईल एवढ्यानं म्हनले, "गोजर, आज कोन वरडलंच न्हाई का गं? का मला ऐकू आलं न्हाई?"

आन डोळा मारला. पाच वर्सांत पयल्यांदा हे आपल्या कानावर हसले. सगळा माळ हसला, दादा हसले, मी रडता रडता हसले. म्हनलं, "न्हाई वो. आज कोन बी वरडलं न्हाई."